अपघाताची मीमांसा : वाहतुकीतील मृत्यूविषयीच्या विद्यापीठीय संशोधनाचा इतिहास

१

१७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची स्त्री मोटारीचा धक्का लागून मरण पावली. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीमुळे पादचाऱ्याला मृत्यू येण्याचा ब्रिटनमधील हा पहिला प्रसंग होय. मृत्यूची रीतसर चौकशी झाली, साक्षी झाल्या, मोटारीचा वेग किती होता याविषयी बराच काथ्याकूट झाला आणि अखेरीस पंचांनी ‘अपघाती मृत्यू’ असा निर्णय दिला. असा प्रकार पुन्हा घडू नये, अशी आशा चौकशी अधिकाऱ्याने व्यक्त केल्याचे सांगतात. या घटनेस सव्वाशे वर्षे उलटून गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगातील रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मृत्युमुखी पडली.

या दोन घटनांच्या मधल्या काळात एक नवे शास्त्र निर्माण झाले. त्याचा जन्म कोणत्याही एका विद्याशाखेत झाला नाही. शल्यचिकित्सक, यंत्रशास्त्रज्ञ, वाहतूकतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि शिक्षणाचे अभ्यासक यांनी वेगवेगळ्या विद्यापीठांत, पुष्कळदा परस्परांची माहिती नसताना, एकाच प्रश्नाची निरनिराळी अंगे हाताळली. या सर्वांच्या प्रयत्नांतून जे घडले त्याचे सार एका वाक्यात सांगता येते : प्रश्न बदलला. ‘चूक कोणाची?’ या प्रश्नाच्या जागी ‘इजा कशी झाली?’ हा प्रश्न आला. प्रश्नातील हा बदल वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु ज्या उपायांनी पुढे लक्षावधी माणसे वाचली त्यांपैकी बहुतेक उपाय दुसऱ्या प्रश्नाच्या पोटी जन्मले, हे इतिहास पाहू जाता स्पष्ट होते.

शब्दांच्या दृष्टीनेही ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. इंग्रजी ‘ॲक्सिडेंट’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘वर येऊन पडणे, ओढवणे’ असा आहे. त्यात कर्ता नाही, कारण नाही. जे झाले ते आभाळातून कोसळल्यासारखे झाले. मराठी ‘अपघात’ या शब्दाची घडण निराळी आहे. ‘हन्’ या धातूपासून आलेला ‘घात’, म्हणजे प्रहार, हा त्याचा गाभा होय. शब्दाच्या पोटात आघात दडलेला असूनही मराठी व्यवहारात त्याला यदृच्छेचीच छटा चिकटली. ‘अपघाताने भेट झाली’ असे आपण सहज म्हणतो, आणि कोणी वाचला तर ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे म्हणून विषय संपवतो. ज्या संशोधनाचा येथे विचार करावयाचा आहे, त्याने या शब्दातील यदृच्छा बाजूस सारून त्यातील ‘घात’ तेवढा अभ्यासास घेतला, असे म्हणावयास हरकत नाही.

२

या इतिहासाचा आरंभ सामान्यतः ऑक्सफर्डपासून केला जातो. १३ मे १९३५ रोजी टी. ई. लॉरेन्स हा पहिल्या महायुद्धातील अरबस्तानच्या मोहिमेमुळे विख्यात झालेला लेखक आणि सैनिक डॉर्सेट परगण्यात मोटारसायकलवरून जात असता सायकलवरील दोन मुलांना चुकविण्याच्या प्रयत्नात फेकला गेला. डोक्याला जबर मार बसून तो बेशुद्ध झाला आणि सहा दिवसांनी, १९ मे रोजी, मरण पावला. त्याच्यावर उपचार करण्यासाठी ज्या वैद्यांना पाचारण करण्यात आले त्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे तरुण शल्यविशारद होते. केर्न्स मूळचे ऑस्ट्रेलियाचे. ॲडलेड विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेऊन ते ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला आले होते. १९३७ मध्ये ते त्या विद्यापीठात शल्यशास्त्राचे पहिले नफील्ड प्राध्यापक झाले. लॉरेन्सच्या मृत्यूने केर्न्स यांच्या पुढील संशोधनास चालना मिळाली, असा दुवा नंतरच्या चरित्रकारांनी जोडला आहे. तो सर्वस्वी मान्य केला नाही तरी त्यांच्यापुढील प्रश्नाचे स्वरूप त्या प्रसंगातून नीट कळते : कुशलातील कुशल शल्यविशारदही जेथे हतबल ठरतो, तेथे उपाय शस्त्रक्रियेच्या मेजावर सापडणार नाही, तो रस्त्यावरच, मार बसण्यापूर्वी, शोधला पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धाने हा प्रश्न तीव्र केला. निरोप पोचविण्यासाठी सैन्यात मोटारसायकली मोठ्या संख्येने वापरल्या जात आणि हवाई हल्ल्यांच्या भीतीने रात्री दिवे मालवलेले असत. केर्न्स यांनी ऑक्टोबर १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात आकडे मांडले : युद्धापूर्वीच्या २१ महिन्यांत १,८८४ मोटारसायकलस्वार आणि त्यांचे मागील प्रवासी मरण पावले होते, युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ही संख्या २,२७९ झाली. म्हणजे शत्रूशी गाठ न पडताच माणसे मरत होती. याच निबंधात त्यांनी एक साधे निरीक्षण नोंदविले. अपघाताच्या वेळी शिरस्त्राण घातलेले असे केवळ सात जखमी त्यांच्या पाहण्यात आले होते, आणि ते सातही वाचले होते. सात ही संख्या निर्णायक पुराव्यास अपुरी होती, याची जाणीव लेखकास होती. परंतु कल स्पष्ट होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. मुलकी नागरिकांसाठी हाच नियम ब्रिटनमध्ये व्हावयास १९७३ साल उजाडले. सिद्ध झालेले ज्ञान आणि अमलात आलेले ज्ञान यांच्यामध्ये बत्तीस वर्षांचे अंतर पडले.

केर्न्स यांचे खरे वैशिष्ट्य मात्र निराळे आहे. शिरस्त्राणाने डोके का वाचते, याचे उत्तर वैद्यकात नाही हे ओळखून त्यांनी ए. एच. एस. होलबर्न या पदार्थवैज्ञानिकास आपल्या विभागात घेतले. १९४३ मध्ये दोघांनी मिळून शिरस्त्राण घातलेल्या १०६ जखमींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच वर्षी होलबर्न यांनी मेंदूच्या इजेचे यांत्रिक विवेचन स्वतंत्रपणे मांडले. कवटीच्या आकाराच्या साच्यात जिलेटिन भरून त्यांनी मेंदूची प्रतिकृती केली आणि तिला हिसका दिला असता ताण कोठे येतो ते पाहिले. त्यांचा युक्तिवाद असा होता की, मेंदूचा ऊतक दाबाने फारसा आकसत नाही. पाण्याप्रमाणे तो आपले आकारमान टिकवून धरतो. मात्र त्याचा घाट सहज बिघडतो. म्हणून डोके सरळ रेषेत थांबण्यापेक्षा एकाएकी गिरकी घेते तेव्हा मेंदूचे थर एकमेकांवरून सरकतात आणि खरी हानी तेथे होते. वाडग्यातले दही वाडगे सरळ ढकलले तर बव्हंशी शाबूत राहते, पण गर्रकन फिरवले तर मोडते. तसाच हा प्रकार. ज्या शिरस्त्राणाकडे तोवर कवच म्हणून पाहिले जाई, त्याचे कार्य वस्तुतः थांबण्याचा काळ आणि अंतर वाढविण्याचे आहे, हे अशा विवेचनातून स्पष्ट होत गेले. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स लोंबार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९५३ मध्ये ऊर्जा शोषून घेणाऱ्या अस्तराच्या शिरस्त्राणाचे एकस्व मिळविले. आजचे शिरस्त्राण हे त्याच कल्पनेचे वंशज होय.

३

ऑक्सफर्डमध्ये हे काम चालू असता अटलांटिकच्या पलीकडे ह्यू डी हेवन नावाचा गृहस्थ त्याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने येत होता. हे ना वैद्य होते, ना प्राध्यापक. १९१७ मध्ये टेक्सासमध्ये विमानविद्येचे शिक्षण घेत असता दोन विमानांची हवेत टक्कर होऊन ते कोसळले व बचावले. परंतु यकृतादी पोटातील इंद्रिये फाटली. आपल्याला झालेली इजा टकरीमुळे जितकी झाली तितकीच आपल्या कमरेच्या पट्ट्याच्या घडणीमुळे झाली, अशी त्यांची धारणा झाली. लोक त्यांचे नशीब बलवत्तर म्हणत. त्यांना मात्र नशिबाचे हे उत्तर पुरेसे वाटेना.

१९४२ मध्ये त्यांनी ५० ते १५० फुटांवरून पडूनही वाचलेल्या आठ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील एक स्त्री १४४ फुटांवरून एका धातूच्या वायुवीजन-पेटीवर पडली. पेटी एक ते दीड फूट आत दबली. हाडे मोडली, पण तिची शुद्ध हरपली नाही. डी हेवन यांनी यात चमत्कार पाहिला नाही. त्यांनी गणित मांडले. पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, एवढ्या साध्या भागाकारातून शरीरावर सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या किती पट बल आले ते कळते. वरील उदाहरणात ते शंभर ते दीडशे पट येते. क्षणभर, आणि सबंध शरीरावर विभागून आलेले एवढे बल माणूस सहन करू शकतो, तर त्याहून पुष्कळ कमी वेगाच्या मोटार-अपघातात माणसे का मरतात? कारण त्यांना दबणारी पेटी लाभत नाही. सुकाणूचा दांडा, टोकदार मुठी आणि लोखंडी फळी लाभते. काचसामान पाठविणारा व्यापारी खोक्यात भुसा भरतो. मग माणसे पाठविताना तेवढीही काळजी का घेऊ नये, असा त्यांच्या विचाराचा रोख होता.

याच वर्षी न्यूयॉर्क येथील कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांच्या हाती अपघातातील इजांच्या संशोधनाचा प्रकल्प सोपविण्यात आला. आरंभी तो विमानांपुरता होता. इंडियाना राज्याच्या पोलिसांनी मोटार-अपघातांच्या नोंदी पद्धतशीर गोळा करण्यास आरंभ केल्यावर, १९५३ पासून, मोटारींतील इजांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. पोलिसाने गाडीची पाहणी करावयाची, डॉक्टराने जखमांचे टिपण द्यावयाचे आणि विद्यापीठाने दोन्ही कागद शेजारी ठेवून कोणती जखम गाडीच्या कोणत्या भागाने झाली ते ठरवावयाचे, अशी ही कार्यपद्धती होती. आज ती सामान्य वाटते. त्या काळी पोलिसाचा कागद न्यायालयाकडे आणि डॉक्टराचा कागद दप्तरखान्यात जाई, दोहोंची गाठ कधीच पडत नसे. ही गाठ पडताच लोकभ्रम उघडे पडले. टकरीच्या वेळी गाडीबाहेर फेकले जाणे हे सुदैव होय, असा दृढ समज होता. नोंदींनी दाखविले की, आत राहिलेल्यापेक्षा बाहेर फेकल्या गेलेल्या माणसास मृत्यूचा धोका कितीतरी अधिक असतो. दारे आदळल्याबरोबर उघडत होती, हे त्याचे कारण. १९५६ च्या गाड्यांपासून अमेरिकन कारखानदारांनी दारांच्या कड्या सुधारल्या. डी हेवन यांनी रॉजर ग्रिस्वोल्ड यांच्यासह खांदा आणि कंबर दोन्ही धरून ठेवणाऱ्या पट्ट्याचे एकस्वही १९५५ मध्ये मिळविले. १९५९ मध्ये स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीतील नील्स बोलीन यांनी आज रूढ असलेला तीन टोकांचा पट्टा सिद्ध केला, आणि कंपनीने तो इतर कारखानदारांना खुला ठेवला.

डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. तेथील वेन विद्यापीठात १९३९ पासूनच ई. एस. गर्जियन हे मेंदूचे शल्यविशारद आणि हर्बर्ट लिस्नर हे यंत्रशास्त्राचे प्राध्यापक एकत्र काम करीत होते. यंत्राच्या भागांवरील ताण पाहण्यासाठी कारखान्यात ठिसूळ रोगणाचा लेप देण्याची पद्धत होती. हाच लेप त्यांनी मानवी कवटीस दिला. कवटीवर ठराविक मार देताच लेपास पडलेल्या चिरांवरून हाड कोठे व कोणत्या दिशेने ताणले गेले ते दिसू लागले. या परंपरेतून १९६० च्या सुमारास एक वक्ररेषा निष्पन्न झाली : फार मोठे बल काही सहस्रांश सेकंद सोसते, बल कमी असले तरी ते अधिक काळ टिकले तर सोसत नाही. आज मोटारींच्या कसोटीत डोक्याच्या इजेचे जे परिमाण वापरतात, त्याचे मूळ या रेषेत आहे. त्याच विभागातील लॉरेन्स पॅट्रिक यांनी वेगाने धावून एकाएकी थांबणाऱ्या घसरगाडीवर स्वतःच शेकडो वेळा बसून मोजमापे घेतली.

तथापि जिवंत माणसावर मर्यादेपलीकडे प्रयोग करता येत नाहीत. म्हणून हे शास्त्र मृतदेहांवर उभे राहिले, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. आल्बर्ट किंग आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये असा अंदाज मांडला की, मृतदेहांवरील संशोधनातून झालेल्या सुधारणांमुळे १९८७ पासून दरवर्षी सुमारे ८,५०० जीव वाचत आहेत. देहदान या शब्दाला महाराष्ट्रात जो आदर आहे, तो प्रायः वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या शवविच्छेदनापुरता मर्यादित राहिला आहे. त्याचा एक अर्थ सीटबेल्ट आणि काचेच्या घडणीपर्यंत पोचतो, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

४

वरील सर्व संशोधन गाडीतील किंवा गाडीवरील माणसाचे होते. रस्त्याने पायी चालणारा त्यात कोठे होता? या प्रश्नाकडे प्रथम गंभीरपणे वळलेल्यांत केर्न्स यांचेच जुने विद्यापीठ होते. ॲडलेड येथे १९६३ पासून रॉबर्ट्‌सन, मॅक्लीन आणि रायन यांच्या पथकाने रुग्णवाहिकेची सूचना मिळताच स्वतः जागेवर जाण्याचा परिपाठ ठेवला. पथकात वैद्यकाचे अभ्यासक होते तसाच यंत्रशास्त्राचाही. गाडीवरील पोचे, रस्त्यावरील खुणा आणि शरीरावरील जखमा एकाच वेळी पाहिल्यामुळे त्यांना एक अनपेक्षित गोष्ट आढळली. मोटारीच्या तोंडाचा मार बसलेला पादचारी बहुधा चाकाखाली जातच नाही. गाडीच त्याच्या खालून निघून जाते. बंपर गुडघ्याला, बॉनेटची कड मांडीला किंवा कमरेला आणि समोरची काच अथवा तिची चौकट डोक्याला लागते. ‘गाडीखाली सापडला’ हा मराठीतील वाक्प्रयोग घटनेचे यथार्थ वर्णन करीत नाही, असा याचा अर्थ. आणि घटनेचे वर्णन बदलले की उपायही बदलतो : गाडीच्या तोंडाचा आकार आणि त्याचा टणकपणा हा पादचाऱ्याच्या जीवनमरणाचा प्रश्न ठरतो. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम येथे १९४१ पासूनच केवळ अपघातग्रस्तांसाठी रुग्णालय होते. तेथील विद्यापीठात मरे मॅके यांनी १९६० नंतरच्या दशकात अशाच प्रकारे प्रत्यक्ष जागेवरील अभ्यासाची परंपरा निर्माण केली.

या विखुरलेल्या निरीक्षणांना सिद्धान्ताचे रूप मिळाले ते सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांकडून. हार्वर्डचे जॉन गॉर्डन यांनी १९४९ मध्ये प्रतिपादन केले की, साथीच्या रोगांप्रमाणे इजांनाही व्यक्ती, कारक आणि परिसर ही तीन अंगे असतात. मात्र हिवतापाला जसा जंतू, तसा इजेला कारक कोणता? कॉर्नेलचे मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी १९६१ मध्ये याचे उत्तर दिले : ऊर्जा. मोटार हा रोगजंतू नव्हे, ती डासासारखी केवळ वाहक आहे; शरीरास सोसणार नाही इतकी ऊर्जा एकाएकी शरीरात शिरते, हीच इजा. विल्यम हॅडन या वैद्याने हा विचार पुढे नेऊन घटनेचे तीन काळ पाडले : टकरीपूर्वीचा, टकरीचा आणि टकरीनंतरचा. प्रत्येक काळात माणूस, वाहन आणि परिसर यांचा विचार केला की नऊ घरांचा एक तक्ता तयार होतो. ‘चूक कोणाची?’ हा प्रश्न या नवांपैकी एकाच घरात, टकरीपूर्वीच्या माणसाच्या घरात, बसतो. उरलेली आठ घरे तोवर जवळजवळ रिकामी होती. १९६६ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय मार्गसुरक्षेची यंत्रणा उभारली तेव्हा तिचे पहिले प्रमुख म्हणून हॅडन यांचीच नेमणूक झाली. पुढे शब्दासही धक्का बसला. ज्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने केर्न्स यांचे निबंध छापले होते, त्याच नियतकालिकाने २००१ मध्ये ‘ॲक्सिडेंट’ हा शब्द आपल्या पृष्ठांतून वर्ज्य केल्याचे जाहीर केले. जे टाळता येते त्यास यदृच्छा म्हणू नये, हा त्यामागील विचार.

५

यावर एक आक्षेप स्वाभाविक आहे. माणसाला शिकविले तर टक्करच होणार नाही. मग वाहन आणि रस्ता यांचा एवढा विचार कशासाठी? शिक्षणावरील ही श्रद्धा विद्यापीठांना तर प्रियच असावयाची. परंतु या क्षेत्रातील शिक्षणविषयक संशोधनाने शिक्षणाच्या मर्यादाच प्रथम दाखविल्या, आणि तो त्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा होय.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील डिकॅल्ब परगण्यात सोळा हजारांवर विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत वाटणी करून मोटार चालविण्याच्या शिक्षणाची कसोटी घेण्यात आली. १९८३ च्या अहवालाचा निष्कर्ष असा की, शिक्षितांच्या अपघातांत आरंभीच्या काही महिन्यांत किंचित घट दिसली, ती टिकली नाही. येल विद्यापीठातील लिऑन रॉबर्ट्‌सन यांनी १९८० मध्ये याहूनही अस्वस्थ करणारी गोष्ट दाखविली होती. कनेटिकट राज्यात ज्या गावांच्या शाळांनी हे शिक्षण बंद केले, तेथे सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचे अपघात घटले. कारण शिक्षण नसल्याने त्यांपैकी पुष्कळांनी परवाना उशिरा काढला. शिक्षणाने कौशल्य वाढले असेलही, पण त्याने कोवळ्या वयात रस्त्यावर येण्याचे दारही उघडले. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची जी पद्धत सुरू केली, तिच्यामागे हीच दृष्टी आहे : उपदेशापेक्षा अनुभवाची चढण सावकाश करणे हितावह.

लहान मुलांविषयी स्वीडनच्या बालमानसशास्त्रज्ञ स्टीना सांडेल्स यांनी १९६० नंतरच्या वर्षांत केलेले कार्य विशेष मोलाचे आहे. आवाज कोणत्या दिशेने आला ते ओळखणे, वेगाचा अंदाज बांधणे, खेळता खेळता मध्येच धोक्याचे भान ठेवणे या गोष्टी साधारणतः दहा वर्षांखालील मुलाच्या वाढीच्या टप्प्यात पुरत्या बसतच नाहीत, असे त्यांना दिसून आले. मुलाला नियम पाठ येतो, पण चेंडू रस्त्यावर गेला की तो आठवत नाही. म्हणून मुलाला रस्त्याच्या मापाने घडविण्याचा खटाटोप सोडून रस्ता मुलाच्या मापाने घडवावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९९७ मध्ये स्वीडनच्या संसदेने रस्त्यावरील मृत्यू शून्यावर आणण्याचे जे धोरण स्वीकारले, त्याच्या गाभ्याशी हेच तत्त्व आहे : माणूस चुकणारच, चुकीची शिक्षा मृत्यू असू नये.

याचा अर्थ शिक्षण निरुपयोगी, असा काढणे मात्र चुकीचे होईल. त्याचे स्थान बदलते, एवढेच. रस्त्याची आखणी करणारा अभियंता, इजेची नोंद करणारा डॉक्टर आणि कायदा करणारा अधिकारी यांना या शास्त्राचे शिक्षण मिळणे हे शाळकरी मुलांकडून घोषवाक्ये वदवून घेण्यापेक्षा अधिक फलदायी होय.

टकरीनंतरच्या काळाविषयी येथे थोडक्यात सांगणे पुरे. मेरीलँड विद्यापीठात आर ॲडम्स काउली यांनी जबर जखमींसाठी स्वतंत्र केंद्र उभारले, १९६९ पासून राज्य पोलिसांच्या हेलिकॉप्टरने जखमी तेथे आणले जाऊ लागले, आणि ‘सुवर्ण तास’ ही कल्पना जगभर पसरली. २००१ मध्ये लर्नर आणि मॉस्काटी यांनी या कल्पनेचा मागोवा घेतला असता नेमक्या साठ मिनिटांस पुरेसा शास्त्रीय आधार त्यांना आढळला नाही. त्वरेचे महत्त्व याने नाहीसे होत नाही. परंतु घोषवाक्य आणि सिद्धान्त यांतील भेद विद्यापीठीय संशोधनाने आपल्याच क्षेत्रात पाळावा लागतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

६

या परंपरेचा भारताशी जुळलेला धागा प्राधान्याने दिनेश मोहन (१९४५–२०२१) यांच्या रूपाने दिसतो. मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.त यंत्रशास्त्राचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले. मिशिगन विद्यापीठात त्यांनी जैव-अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळविली आणि हॅडन यांच्या संस्थेत काही वर्षे काम केले. १९७९ मध्ये ते दिल्लीच्या आय.आय.टी.त रुजू झाले. तेथे त्यांना जाणवले की, पाश्चात्त्य संशोधनाची पद्धत घेता येते, निष्कर्ष जसेच्या तसे घेता येत नाहीत. डेट्रॉइटचा प्रश्न गाडीतल्या माणसाचा होता. दिल्लीचा अथवा पुण्याचा प्रश्न पायी चालणाऱ्याचा, सायकलस्वाराचा, दुचाकीस्वाराचा आणि त्यांना धडकणाऱ्या बस व मालमोटारीच्या तोंडाचा आहे. रिक्षेची घडण, उन्हाळ्यात सोसवेल असे शिरस्त्राण, इतकेच नव्हे तर शेतात चारा कापण्याच्या यंत्रावर तुटणारी बोटे, या सर्वांना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच शास्त्राच्या कक्षेत आणले. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये या विषयावर प्रसिद्ध केलेल्या जागतिक अहवालाच्या संपादकांतही ते होते.

मुंबईशी संबंधित दुसरा प्रयत्न उपचारांच्या बाजूचा आहे. २०१३ ते २०१५ या काळात मुंबईतील शीव आणि परळ येथील महापालिकेची दोन मोठी रुग्णालये, दिल्लीचे एक आणि कोलकात्याचे एक अशा चार अध्यापन-रुग्णालयांत सुमारे सोळा हजार जखमींच्या नोंदी एकाच पद्धतीने ठेवण्यात आल्या. स्वीडनचे कारोलिन्स्का विद्यापीठ आणि मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था यांचा त्यात सहभाग होता. ज्या शहरात जखमी माणूस रस्त्यावरून येतो तितक्याच सहजपणे लोहमार्गावरूनही येतो, तेथे ‘वाहतूक’ या शब्दाची व्याप्तीच निराळी ठरते, हे अशा नोंदींवाचून उमगत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती. त्याच अहवालात सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण ‘अतिवेग’ असे नोंदले आहे. हे कारण खोटे आहे असे नव्हे. वेग वाढला की ऊर्जा त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे या शास्त्राचे पहिलेच सूत्र होय. परंतु ही नोंद मुख्यतः गुन्ह्याची आहे. भारतीय दंड संहितेची २७९ आणि ३०४-अ ही कलमे, आणि १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी आलेली भारतीय न्याय संहितेची २८१ व १०६ ही कलमे, निष्काळजी माणसाचा शोध घेतात. त्यांना पूरक असाच कागद पोलिसाच्या हातून तयार होतो. डोके कशावर आपटले, शिरस्त्राणाचा पट्टा बांधलेला होता काय, दुभाजकाची कड केवढी होती, रुग्णालयात किती वेळाने पोचला, हे प्रश्न त्या कागदास पडत नाहीत. हॅडन यांच्या नऊ घरांपैकी एकच घर आपण काळजीपूर्वक भरतो.

शिरस्त्राणाच्या वादाचेही असेच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने ते आवश्यक ठरविले आहे. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांच्या २००८ मधील पद्धतशीर आढाव्यानुसार त्याने मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेची सुमारे ६९ टक्क्यांनी घटते. असे असता पुण्यासारख्या विद्येच्या नगरीत ‘हेल्मेटसक्ती’ हा शब्द दशकानुदशके वादाचाच विषय राहिला. या सामासिक शब्दातील पहिल्या पदावर फारसे कोणी बोलत नाही. सारा वाद दुसऱ्या पदाचा. त्यास केवळ नागरिकांचा हट्ट जबाबदार धरणे न्याय्य नाही. दंडाची पावती फाडणाऱ्या पोलिसाखेरीज या शास्त्राचा दुसरा कोणी प्रतिनिधी नागरिकाला चौकात भेटतच नसेल, तर तो शिरस्त्राणाकडे दंड टाळण्याचे साधन म्हणूनच पाहणार. विद्यापीठांनी आपल्या भाषेत जे सांगितले नाही, त्याची ही किंमत होय.

अलीकडे एक आशादायक आरंभ झाला आहे. मद्रासच्या आय.आय.टी.ने विकसित केलेली रस्ते-अपघातांची एकत्रित नोंदपद्धती २०२१ पासून प्रथम महाराष्ट्रासह सहा राज्यांत उपयोगात आणली गेली. पोलीस, परिवहन, महामार्ग आणि आरोग्य या चार खात्यांनी एकाच घटनेची नोंद एकाच ठिकाणी करावी, अशी तिची रचना आहे. इंडियानाच्या पोलिसांनी आणि कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयाने जे दोन कागद शेजारी ठेवले, त्यांचेच हे विस्तारित रूप. मात्र कागद शेजारी येणे निराळे आणि ते वाचणारी माणसे शेजारी बसणे निराळे. ऑक्सफर्डमध्ये शल्यविशारदाच्या विभागात पदार्थवैज्ञानिक बसला, डेट्रॉइटमध्ये मेंदूच्या वैद्याने यंत्रशास्त्राच्या प्राध्यापकाची मदत घेतली, ॲडलेडमध्ये वैद्यकाचे आणि यंत्रशास्त्राचे अभ्यासक एकत्र रस्त्यावर गेले. त्या प्रत्येक वेळी ज्ञान पुढे सरकले. आपल्या विद्यापीठांत अभियांत्रिकीची, वैद्यकाची आणि शिक्षणशास्त्राची महाविद्यालये एकाच शहरात, पुष्कळदा एकाच रस्त्यावर असतात. मधला तो रस्ता मात्र कोणाच्याच अभ्यासक्रमात नसतो. १८९६ मधील पंचांना ‘अपघाती मृत्यू’ या शब्दांपलीकडे जाण्याचे साधन नव्हते. आज ते साधन उपलब्ध आहे. ते वापरावयाचे की नाही, एवढाच प्रश्न उरला आहे.